प्रश्नपत्रिकेची परीक्षा

(कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याच्या शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. परंतु ते महत्त्व आपल्या घरांत समजावून सांगण्याची गरज आता उरलेली नाही. ज्या घराच्या भिंतीवर बॅरिस्टराची तसबीर आहे, त्या घरातील मुलाला वकील व्हावेसे वाटले तर त्यात नवल ते काय? अडचण पुढे आहे. इच्छा असते, बुद्धी असते, आणि मुलगा किंवा मुलगी प्रवेशपरीक्षेच्या दारापाशी जाऊन परत फिरते. तिला कोणी हाकलून दिलेले नसते. एका सराव परीक्षेचे गुण हातात पडतात आणि घरातील सर्व मंडळी मनोमन ठरवून टाकतात की, ही परीक्षा आपल्यासाठी नाही. आजचे माझे बोलणे या एका क्षणासंबंधी आहे. सराव परीक्षेचे गुण हाती आल्यावर त्यांचा अर्थ कसा लावावा, एवढाच माझा विषय आहे.

मी बारावी झालो तेव्हा आमच्या शहरातील विधी महाविद्यालयात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. आमचे भांडण त्या एका गुणपत्रिकेशी होते. आता तसे नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचे तर २००८ साली सुरू झालेली ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी तीन विद्यापीठे आहेत. इतर विधी महाविद्यालयांसाठी राज्याची विधी सीईटी आहे. या परीक्षांभोवती सराव परीक्षांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. बाजार म्हटला म्हणजे माप तपासून घेणे हे गिऱ्हाईकाचे काम होय. आपण तांदूळ घेताना मूठभर हातावर घेऊन पाहतो. प्रश्नपत्रिका घेताना मात्र छापील आकडा प्रमाण मानतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एसटीच्या आगारात मेकॅनिक असलेले आमच्या वस्तीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी मराठी माध्यमातून दहावीपर्यंत शिकलेली. एका शिकवणी वर्गाच्या सराव परीक्षेत तिला १२० पैकी साडेचौतीस गुण मिळाले होते. वर्गाच्या शिक्षकांनी सांगितले, ‘‘हिला हे झेपणार नाही.’’ वडील मला म्हणाले, ‘‘साहेब, हिला नर्सिंगला घालतो. उगाच पैसा आणि वर्ष दोन्ही जायचे.’’ नर्सिंग हा सन्मानाचा व्यवसाय आहे; मुलीने तो आपण होऊन निवडला असता तर मी एक शब्द बोललो नसतो. परंतु येथे निवड साडेचौतीस या आकड्याने केली होती. मी वडिलांना म्हटले, ‘‘दादा, कोर्टात एका साक्षीदाराच्या शब्दावर मी अशिलाला दोषी मानीत नाही. आधी उलटतपासणी घेतो. हा आकडाही साक्षीदारच आहे.’’

त्या उलटतपासणीची रीत मी आज आपणांस सांगणार आहे. तिला पैसा लागत नाही. लागतात ते दोन रंगांचे पेन, एक घड्याळ आणि दोन रविवार.

प्रथम हे पाहावे की, ती परीक्षा गुण देते कशी. क्लॅटच्या हल्लीच्या पद्धतीप्रमाणे पदवी अभ्यासक्रमासाठी १२० प्रश्न व १२० मिनिटे असतात. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. राज्याच्या विधी सीईटीत चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत. या एका फरकाने आकड्याचा अर्थ पार बदलतो. समजा, १२० प्रश्नांची, प्रत्येकी चार पर्यायांची प्रश्नपत्रिका एखाद्याने डोळे मिटून सोडविली. सरासरीने त्याचे ३० प्रश्न बरोबर येतील व ९० चुकतील. गुण कापले जात नसतील तर त्याला ३० गुण मिळतील. पाव गुण कापला जात असेल तर ९० चुकांचे साडेबावीस वजा होऊन साडेसात उरतील. ज्ञान तेवढेच, म्हणजे शून्य. आकडे मात्र दोन. म्हणून शेजारच्या मुलाला सीईटीच्या सरावात ६० मिळाले आणि आपल्या मुलीला क्लॅटच्या सरावात ४५ मिळाले, यावरून दोघांत थोर कोण हे ठरत नाही.

याच हिशेबातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पाव गुण कापला जातो म्हणून कित्येक मुले भीतीने प्रश्न सोडून देतात. पण चारपैकी एक पर्याय निश्चित चुकीचा आहे हे कळले, तर उरलेल्या तिहींतून निवडण्यात सरासरीने गुणाचा सहावा हिस्सा पदरात पडतो. दोन पर्याय बाद करता आले तर तीन अष्टमांश. जेथे काहीच बाद करता येत नाही तेथे लाभ एक सोळांश, म्हणजे नगण्य, आणि वेळ मात्र जातो. सीईटीत तर एकही उत्तर रिकामे ठेवू नये. प्रश्न सोडून देणे म्हणजे सावधपणा, असे सरसकट मानणे ही पहिली चूक होय.

दुसरी गोष्ट वर्षांची. क्लॅटमध्ये पूर्वी २०० प्रश्न असत. २०२० साली पद्धत बदलून उताऱ्यांवर आधारलेले १५० प्रश्न आले. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून ते १२० झाले. म्हणून एखाद्या जुन्या विद्यार्थ्याने ‘‘मला शंभरावर गुण होते’’ असे सांगितले, तर आधी विचारावे की, कितीपैकी? आणि कोणत्या साली? शिवाय प्रश्नांची संख्या तीच राहिली तरी एका वर्षीची प्रश्नपत्रिका सोपी व दुसऱ्या वर्षीची अवघड निघतेच. क्लॅटची गुणवत्तायादी त्या वर्षी बसलेल्या मुलांच्या क्रमांकावर लागते. सर्वांपुढे तीच प्रश्नपत्रिका असते. ती अवघड निघाली तर सर्वांचेच गुण उतरतात आणि प्रवेशाची सीमाही खाली येते. यास्तव ‘‘पेपर अवघड होता’’ एवढ्यानेच रडायचे कारण नाही आणि ‘‘सोपा होता’’ म्हणून पेढे वाटण्याचेही नाही.

तिसरी गोष्ट अशी की, शिकवणी वर्गाची प्रश्नपत्रिका खऱ्या परीक्षेइतकीच अवघड आहे कशावरून? या बाबतीत अमेरिकेतील पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे कायद्याच्या शाळांतील प्रवेशासाठी १९४८ सालापासून ‘एलसॅट’ नावाची परीक्षा घेतली जाते. ती वर्षातून अनेकदा होते, त्यामुळे निरनिराळ्या प्रश्नपत्रिका सोडविलेल्यांची तुलना करावी लागते. यासाठी परीक्षेत एक भाग असा ठेवतात की ज्याचे गुण धरले जात नाहीत. नवे प्रश्न त्यात अजमावून पाहिले जातात. कोणता प्रश्न किती जणांना सुटला हे आधी कळल्यामुळे दोन प्रश्नपत्रिकांतील फरक हिशेबात घेता येतो. नंतर १२० ते १८० या मापात अंक देतात. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर तोच अंक मिळविण्यास थोडी कमी बरोबर उत्तरे पुरतात. तात्पर्य, काठिण्य ही वाटण्याची गोष्ट नाही. ती मोजावी लागते, आणि ती मोजता येते.

आपल्याकडील सराव परीक्षांना असे माप बहुधा लावलेले नसते. प्रश्न करणाऱ्याला जे अवघड वाटले ते अवघड! मुलांना धाक बसावा म्हणून कोणी प्रश्नपत्रिका मुद्दाम कठीण करतो, तर पालक खूश व्हावेत म्हणून कोणी मुद्दाम सोपी करतो. यावर आपल्या हातात एक उपाय आहे. क्लॅटच्या मागील प्रश्नपत्रिका उपलब्ध आहेत. त्यांतील ३० प्रश्न घ्यावेत, वर्गाच्या प्रश्नपत्रिकेतील ३० घ्यावेत, त्यांची सरमिसळ करावी आणि विहारातील वीस-पंचवीस मुलांकडून एका तासात सोडवून घ्यावेत. कोणता प्रश्न कोठला हे मुलांना सांगू नये. मग दोन्हींची बेरीज वेगवेगळी करावी. समजा, खऱ्या परीक्षेतील प्रश्नांत मुलांना सरासरी १७ गुण मिळाले आणि वर्गाच्या प्रश्नांत ११. तर मुले तीच, तास तोच, म्हणजे फरक प्रश्नांत आहे. ती प्रश्नपत्रिका खऱ्यापेक्षा कठीण आहे आणि तिच्यातील गुणांवरून मुलीचे भवितव्य ठरविणे हा अन्याय आहे. उलट निघाले तर तो आनंदही खोटा आहे, हेही धैर्याने मान्य करावे.

याच उत्तरपत्रिकांचा आणखी एक उपयोग आहे. गुणांच्या क्रमाने त्या लावाव्यात. वरच्या आठ व खालच्या आठ बाजूला काढाव्यात. एकेक प्रश्न घेऊन पाहावा. वरच्या आठांपैकी सातांना व खालच्या आठांपैकी दोघांना जो प्रश्न सुटला, तो चांगला प्रश्न. अवघड असूनही प्रामाणिक. जो दोन्हीकडे सारख्याच मुलांना सुटला, त्यावरून कोणाला किती येते हे कळत नाही. आणि जो वरच्यांना चुकला व खालच्यांना आला, त्याची उत्तरसूचीच तपासावी. बहुधा चूक तेथे सापडेल.

उत्तरसूची चुकते काय, असे आपण विचाराल. वर्गाची तर चुकतेच. खऱ्या परीक्षेचीही चुकते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरांविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने त्याच महिन्यात दोन प्रश्नांची उत्तरे चुकीची ठरविली. पुढे निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील अर्ज एकत्र होऊन एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाचा निकाल लागला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातही काही फेरफार केला. कायद्याचा विद्यार्थी होऊ इच्छिणाऱ्यांनी परीक्षेलाच कायद्याचा प्रश्न विचारला, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते व हरकतीसाठी मुदत मिळते. ती मुदत आपल्या मुलांनी वाया जाऊ देऊ नये. मात्र हरकत पुराव्याने घ्यावी, रागाने नव्हे.

आता त्या मुलीकडे वळतो. तिने १२० मिनिटांत ८२ प्रश्न सोडविले होते. त्यांतील ४४ बरोबर, ३८ चूक. ३८ चुकांचे साडेनऊ वजा होऊन साडेचौतीस. उरलेल्या ३८ प्रश्नांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. आम्ही दुसऱ्या रविवारी तीच प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवली, उत्तरे दाखविली नाहीत, घड्याळ काढून घेतले आणि हिरवा पेन दिला. न वाचलेल्या ३८ पैकी २४ तिने बरोबर सोडविले. चुकलेल्या ३८ पैकी १५ तिने स्वतःच दुरुस्त केले. म्हणजे तेथे तिला घाई नडली होती.

राहिले २३. त्या प्रश्नांचे उतारे मी तिला मराठीत समजावून सांगितले. उत्तर सुचविले नाही, फक्त उतारा मराठीत सांगितला. एक उतारा निष्काळजीपणामुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीसंबंधी होता. नियम ऐकताच तिने त्यातील अपवाद नेमका पकडला आणि मला विचारले, ‘‘काका, मालकाला आधी माहीत होते असे उताऱ्यात कोठे म्हटले आहे?’’ हा प्रश्न वकिलाचा प्रश्न आहे. असे १३ प्रश्न तिला मराठीत सुटले. तेथे अडसर इंग्रजीचा होता, तर्काचा नव्हता. शेवटी उरले १०. त्यांतील तीन प्रश्नांची वर्गाची उत्तरेच संशयास्पद होती. सात तिला खरोखर येत नव्हते. ‘‘हिला झेपणार नाही’’ या निकालाच्या मुळाशी असलेल्या ३८ चुकांत खरे अज्ञान सात प्रश्नांचे होते.

मित्रहो, मी ही गोष्ट मुलीची तरफदारी करण्यासाठी सांगत नाही. खरी परीक्षा इंग्रजीतच होते आणि १२० मिनिटांतच होते. क्लॅटचे उतारे सुमारे ४५० शब्दांपर्यंतचे असतात. तसे २० उतारे आले तर ९,००० शब्द झाले, आणि प्रश्न व पर्याय वेगळेच. इतके वाचन त्या मुलीला होत नव्हते, हे सत्य आहे. परंतु ‘झेपत नाही’ हे एक वाक्य आणि ‘वाचनाचा वेग कमी आहे, इंग्रजी शब्दसंग्रह कमी आहे, घाईने अर्धे वाक्य वाचते’ ही तीन वाक्ये, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यावर इलाज नाही. उरलेल्या तिहींवर आहे. कठीण काय आहे हे कळल्यावर अभ्यास कशाचा करावयाचा हेही कळते. वर्तमानपत्र ज्या घरात येत नाही तेथे चालू घडामोडींचा प्रश्न अवघड असतो. ज्या घरात येते तेथे तो सोपा असतो. तो प्रश्न बुद्धीची उंची मोजीत नाही, घरात काय आहे ते मोजतो. हे ओळखले म्हणजे विहारात एक इंग्रजी वर्तमानपत्र सुरू करणे हा उपाय सुचतो, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. गुणांची तुलना करताना यादी कोणती, हे पाहावे. अनुसूचित जातींसाठी राखीव जागांची सीमा वेगळी लागते. राज्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठीही काही जागा असतात. आपण बौद्ध झालो म्हणून हा हक्क गेला, असा समज अजूनही काही घरांत आहे. तो चुकीचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या यादीत स्थान मिळाले आहे. दाखले वेळेवर तयार ठेवावेत. सराव परीक्षेच्या यादीत आपला मुलगा कितवा, याला मात्र फारसे महत्त्व देऊ नये. त्या यादीत वर्गाचे विद्यार्थी असतात, देशभरातील नव्हेत.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, प्रत्येक सराव परीक्षा दोनदा सोडवा. एकदा घड्याळ लावून, निळ्या पेनाने. एकदा घड्याळाविना, हिरव्या पेनाने. मग वहीत पाच रकाने आखा: वेळ, घाई, भाषा, अज्ञान आणि प्रश्नाचा दोष. प्रत्येक चूक त्यांपैकी एका रकान्यात लिहा. शेवटचा रकाना भरताना स्वतःशी प्रामाणिक राहा. सगळ्या चुका प्रश्नपत्रिकेच्या माथी मारणे सोपे असते. एकूण गुण घरच्यांना दाखवायचे तर ही वहीही सोबत दाखवा. दहा परीक्षांनंतर कोणता रकाना रिकामा होत चालला आहे, ते घरच्यांनाही दिसेल.

ती मुलगी पुढे काय झाली, हे आपण विचारणारच. तिने दहा महिने रोज इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचले आणि पाच रकान्यांची वही ठेवली. राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिला जागा मिळाली नाही. काही क्रमांकांनी हुकली. राज्याच्या सीईटीतून तिला विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत ती माझ्या कार्यालयात येऊन कागदपत्रे वाचते. ती आता सावकाश वाचते, घाई करीत नाही. परवा एका खरेदीखतातील तारखेची चूक माझ्या नजरेतून सुटली होती, ती तिने काढून दाखविली.

तिचे वडील आज या सभेत मागे बसले आहेत. साडेचौतीस गुणांचा तो कागद त्यांनी अजून जपून ठेवला आहे. मी त्यांना म्हटले, ‘‘दादा, आता तो फेकून द्या.’’ ते म्हणाले, ‘‘नाही साहेब, धाकट्याची परीक्षा यायची आहे. त्या वेळी मला लागेल.’’